पाण्यात उतरलेली मापाची फळी

मी एक जुनी मापाची फळी आहे, मित्रांनो. उभी केली तर माणसाच्या कमरेच्या थोडी वर येते. एका टोकाला आडवी पट्टी ठोकलेली आहे. त्या पट्टीला माशाचं तोंड टेकवायचं, शेपूट सरळ करायची आणि ती कुठे पोचते ते बघायचं, एवढंच माझं काम. एवढंच म्हणते खरी, पण माझ्यावाचून आमच्या धक्क्यावर कुणाचं पान हलत नसे.

जन्माने मी एका मोडक्या होडीचं बाक. सुताराने मला जळणात काढलं होतं. होडीच्या मालकिणीने, म्हणजे आजीने, मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "असलं लाकूड जाळतोस? तुझ्या घरची चूल बघायला हवी एकदा," ती म्हणाली. सुताराने मुकाट्याने रंधा मारला.

आजीचा धंदा साधा. सुट्टीच्या दिवशी गळ टाकायची हौस असलेले लोक यायचे, त्यांना ती नव्या होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत न्यायची. माझ्यावर एक लाल रेघ होती. माशाची शेपूट तिच्या अलीकडे राहिली तर तो पोर समजायचा आणि तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा. हंगामातला सगळ्यांत मोठा मासा मात्र धक्क्यावर आणून चारचौघांसमोर माझ्यावर आडवा करायचा आणि माझ्या कडेला चाकूने खाच पाडायची, अशी रीत होती.

सगळ्यांच्या पुढची खाच आजीची. नवरा गेला तेव्हा जो तो तिला होडी विकायचा सल्ला देत होता. ती एकटी गेली आणि असा मासा घेऊन आली की सल्ला देणाऱ्यांची दातखीळ बसली. तेव्हापासून ती मला रोज फडक्याने पुसायची, तेल लावायची. पाण्याचा थेंबही अंगावर राहू द्यायची नाही.

तिची नात इंजिन सांभाळायची. इंजिन, दोऱ्या, गळ, सगळं तिला यायचं. तिला हवं होतं सुकाणू. पण आजीचं एकच पालुपद, "माझी खाच ओलांड, मग सुकाणू माग."

मग एका हंगामाच्या सुरुवातीला मत्स्य खात्याने धक्क्यावर नवे नियम लावले. नातीने ते वाचून दाखवले. विणीचे महिने बंद, लहान मासा सोडायचा, हे जुनंच होतं. नवं असं, की ठरावीक मापापेक्षा मोठा मासाही सोडायचा, तोही पाण्याबाहेर न काढता. मोठ्या माद्या सगळ्यांत जास्त अंडी घालतात, त्या जगल्या तर खाडीत मासा राहील. आजीने माझ्यावर दुसरी, निळी रेघ ओढली. ती तिच्या खाचेच्या बरीच अलीकडे पडली.

आमच्या होडीत नेहमी येणारे टेलरमास्तर हसले. "मावशी, सरकारने तुमच्या खाचेला कुलूप घातलं."

"कुलूप घालायला मी काय कपाट आहे?" आजी म्हणाली. पण मनातून तिला गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण त्या दिवशी तिने मला दोनदा तेल चोपडलं.

नात म्हणाली, "मग सुकाणूचं काय?"

"खाच ओलांड."

"ओलांडताच येणार नाही असा नियम झालाय, आजी."

"नियम मी केला का?"

तिथून होडीतली शांतता गेली. नात इंजिन बंद करायची, चालू करायची, जागा बदलायची. तिचा पाय सतत हलायचा आणि बाकाखाली मी खडखडायचे. आजी बडबड करायची ती थांबली आणि नुसती दोरीचं टोक उसवत बसू लागली. वारा पडलेला असला तरी आमची होडी डुचमळतेय असं वाटायचं.

अशाच एका दुपारी नातीची गळाची काठी वाकली. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सरसर सुटली. ओढाताण बराच वेळ चालली. शेवटी होडीला लागून पाण्यात एक पाठ दिसली. अंड्यांनी पोट तटतटलेली मादी होती ती.

"उचला," टेलरमास्तर कुजबुजले. "मोजू आणि सोडू. इथे कोण बघतंय?"

नातीने आजीकडे पाहिलं. आजी पेचात पडली. नको म्हणावं, तर म्हातारीने आपली खाच राखली असं जग म्हणणार. हो म्हणावं, तर ते भरलं पोट हवेत लोंबणार. खरं सांगते मित्रांनो, तो मासा मलाही अंगावर हवा होता. मी बाकाखाली नुसती तळमळत होते.

"आजी, बोल ना."

"उचलायची नाही."

"वाटलंच मला," नात म्हणाली.

"काय वाटलं ते घरी सांग. आधी काठी धर नीट." असं म्हणत आजीने मला बाकाखालून ओढलं आणि ओणवी झाली. "मास्तर, मला कमरेला धरा. लाजू नका, तुमच्या आईच्या वयाची आहे."

आणि जिने मला थेंबभर पाणी लागू दिलं नव्हतं, तिने मला पाण्यात खुपसलं. लाकूड ते, वर यायला धडपडणारच. खांद्यापर्यंत हात बुडवून तिने मला माशाच्या पोटाखाली दाबून धरलं. तोंड पट्टीला टेकलं. थंडगार, जड, जिवंत अंग माझ्यावर पसरलं. शेपूट आजीच्या खाचेवरून गेली, आणखी पुढे गेली आणि माझ्या टोकाबाहेर पाण्यात हलत राहिली.

आजीने ते बघितलं. मग नातीने पक्कड घालून गळ सोडवला. मादी क्षणभर तशीच राहिली, नंतर एक फटका मारून खाली गेली.

धक्क्यावर मास्तरांनी सगळं रंगवून सांगितलं. लोक म्हणाले, "इथे आडवा झाला नाही तर खाच नाही. रीत ती रीत."

"फळी माझी, रीत माझी," आजी म्हणाली. "तुम्ही कोण टिकोजीराव?"

दुसऱ्या दिवशी ती होडीत चढली, सुकाणू ओलांडून गेली आणि पुढे, हौशी लोकांच्या बाकावर, मला मांडीवर घेऊन बसली. नात उभीच.

"बघतेस काय? सुकाणू आपोआप फिरतं का?"

"पण खाच?"

"फळी संपली, बये. आता ती काय माझ्या नाकावर पाडू?"

तेव्हापासून, मित्रांनो, मोठा मासा लागला की मलाच पाण्यात उतरवतात. मिठाने माझे रेशे उकलले आहेत, मधोमध भेग पडली आहे. आजी तेल लावते आणि नियम करणाऱ्यांना शिव्या घालते, पण उतरवायचं थांबवत नाही. तुम्ही कधी गळ टाकायला गेलात, तर आधी हात ओले करा, मगच माशाला हात लावा. लहान सोडा, मोठाही सोडा. आणि मोजायचा असेल तर पाण्यातच मोजा. फळी खराब होईल म्हणून मागेपुढे पाहू नका. मी भिजले तर उन्हात ठेवा, वाळेन. मासा एकदा वाळला की त्याला कितीही पाण्यात ठेवा, काही उपयोग नाही.