नववी चौकट

कुलसुम गेल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी मोहिद्दीनच्या गोदामात चौकटी ठोकत होतो. सात झाल्या होत्या.

"मिस्त्री, कोपरे सरळ घे बाबा," मोहिद्दीन म्हणाला. "माझ्या दुकानाला दरवाजा केलास, त्यातून बकरी येते पण वारा येत नाही."

"तुझी बकरीच बारीक आहे."

मोहिद्दीन आमच्या बाणकोटचा. दुबईच्या खाडीवर त्याचं दोरखंडाचं दुकान होतं, मी बोटींचं सुतारकाम करायचो. साल पासष्ट. आदल्या वर्षी आफ्रिकेकडच्या एका बेटावर राज्य उलटलं, तेव्हापासून तिथली माणसं बोटीने येऊन उतरत होती. मकामे त्यांतलाच. तिकडे तो गुजराती शेटजींच्या बोटींवर नावं रंगवायचा, हिंदी त्यांच्याकडूनच शिकला. वर्षभर तुरुंगात होता. सुटून इथे आल्यावर त्याने पिठाच्या पोत्यांवर बोटीच्या रंगाने नऊ चित्रं काढली, सगळी त्या तुरुंगाची. शुक्रवारी नमाजानंतर ती गोदामात लावायची होती. ज्यांची माणसं आत राहिली त्यांनी येऊन ओळखावं, एवढंच त्याचं म्हणणं.

माझंही माणूस तिकडेच होतं. माझी बायको कुलसुम तिच्या धाकट्या बहिणीच्या, अन्वरीच्या, बाळंतपणाला गेली होती. आठवड्यातच तिचं पत्र आलं. इथलं वातावरण बरं नाही, परत येऊ का? मी मोहिद्दीनकडून लिहून घेतलं, चाळीस दिवस पुरे कर, मग नीघ. बाळंतिणीला अर्ध्यात टाकून आलीस तर लोक काय म्हणतील? त्यानंतरचं पत्र अन्वरीचं आलं. आपाला घरातून नेलं, कुठे ते कोणी सांगत नाही.

चौकट करताना मी माप बघतो, चित्र बघत नाही. तरी पहिली सात नजरेतून सुटली नाहीत. एका कुशीवर दाटीने झोपलेले पुरुष, फुगलेली पोटं, हगवणीची बादली आणि तिच्या शेजारीच पाण्याचं मडकं. त्यांत बाई नव्हती, म्हणून मी खिळे मारत राहिलो.

आठव्यात फक्त पाय होते. दाराखालच्या फटीतून दिसणारे, ओळीत उभे, बायकांचे. अकरा जोड्या, सगळ्या सुजलेल्या. शेवटच्या जोडीत डाव्या पायाला करंगळी नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याच हातून सागाची फळी तिच्या पायावर पडली होती.

"मकामे, हे कोण?"

"नाम मालूम नहीं, मिस्त्री. मैं बुखार में जमीन पर पडा था. दरवाजे के नीचे से पाँव दिखते थे. मुँह कभी नहीं देखा."

"पाय असे का?"

"खाने को खाली मका. पहले पाँव सूजता, फिर पेट. फिर साँस."

मोहिद्दीन माझ्याजवळ आला. "खैरुद्दीन, येड्यासारखं करू नकोस. बोट तुटलेल्या बायका दुनियेत काय कमी आहेत?"

मकामे माझ्याकडे बघत होता. "वो पानी बाँटती थी," तो म्हणाला. "गिनती करके." आणि त्याने बोटांवर मोजून दाखवलं, "येक, दोन, तीन, च्यार..."

त्या हबशी माणसाच्या तोंडून आमच्या गावचे आकडे आले. कुलसुम भाकऱ्या अशाच मोजायची. मोहिद्दीन दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

"अकरापर्यंत मोजायची?" मी विचारलं.

"अकरा. खुद को आखिर में."

मी नववं पोतं उलगडलं. तेच दार, तीच फट. दहा जोड्या. ओळीच्या टोकाला मकामेने दोन पावलांएवढी जागा तशीच सोडली होती.

"कधी?"

"वहाँ तारीख नहीं थी, मिस्त्री."

मी हातोडी खाली ठेवली. मला रडू आलं नाही. हातातला खिळा मात्र कुठे गेला ते आठवत नाही. मोहिद्दीनला तो माझ्या मुठीत सापडला.

शुक्रवारी लोक आले. आठ चित्रं चौकटीत होती, नववं पोतं तसंच खिळ्यांवर टांगलं होतं. एका म्हातारीने तिसऱ्या चित्रात आपला मुलगा ओळखला आणि ती तिथेच खाली बसली. मकामेने आठव्याखाली नाव लिहायला ब्रश पुढे केला. मला फक्त सही येते. मोहिद्दीनने लिहिलं.

मकामे नंतर आठ चित्रं घेऊन कुवेतला गेला. नववं माझ्याकडे ठेवून गेला, चौकट झाली की पाठव म्हणाला. आज दोन वर्षं झाली. सागाच्या चार पट्ट्या मापाने कापून ठेवल्या आहेत, कोपरेही सरळ घेतले आहेत.

चौकट अजून ठोकलेली नाही.