गुळवेलीचा काढा

पारुबाईनं पोराला आपली किडनी दिली तेव्हा तांड्यावर तिचं केवढं कौतुक झालं! ती मात्र हात झटकायची. "पोरगं माझं, किडनी बी माझी. त्यात काय मोठं केलं?" आता तीच बाई नांदेडच्या दवाखान्यात पोराच्या खाटेपाशी उभी होती. योगेशचं अंग सुजलं होतं, लघवी आटली होती. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायला नेला होता.

डॉक्टर अहवाल घेऊन खाटेपाशी आले. "किडनीत पांढऱ्या पेशी घुसल्यात. शरीराचे राखणदार. ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. या पेशी म्हणजे तांड्याची कुत्री. परकं दिसलं की तुटून पडणार. आईची असली तरी किडनी त्यांना परकीच, म्हणून गोळ्या देऊन त्यांना जन्मभर गुंगीत ठेवायचं. हे शेवटचं काही पारुबाईच्या गळी उतरलं नव्हतं. कुत्री गुंगीत असल्यावर तांडा कोण राखणार, सांगा बरं! त्यात योगेशला सर्दी झाली, खोकला हटेना. सून संगिता तर डॉक्टरला विचारल्याशिवाय चमचाभर काही देईना. मग बाईनं स्वतःचंच डोकं चालवलं. दारच्या कडुलिंबावर गुळवेल चढलेली. गोरेगावच्या आठवडी बाजारात जो तो सांगायचा, अंगातली ताकद जागी करायला गुळवेलच पाहिजे. सून पाण्याला गेली की बाई ती वेल ठेचायची, उकळायची आणि पोराला पाजायची. योगेश तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा. आईला नाही कसं म्हणणार?

"एखादी गोळी चुकली? बाहेरचं काही औषध दिलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई साहेब!" संगिता रडवेली झाली. "घड्याळ बघून गोळ्या दिल्या मी."

"काहीतरी चुकल्याशिवाय असं होत नाही, बाई." डॉक्टरांचा आवाज चढला.

योगेशनं आईकडं पाहिलं आणि नजर फिरवली. तो सांगणार नव्हता. पारुबाईनं सुनेकडं पाहिलं. गप्प बसलं तर सगळं सुनेवर शेकणार. बोललं तर तीच सून जन्मात तोंड पाहील का?

"म्या दिलं," पारुबाई कशीबशी म्हणाली. "गुळवेलीचा काढा. रोज. तिला ठाव न्हाई."

"काहून केलं हो असं?" संगितानं डोक्याला हात लावला.

डॉक्टरांनी अहवाल मिटला. "मावशी, आम्ही त्या पेशींना झोपवत होतो आणि तुम्ही उठवत होता. आता जोराची इंजेक्शनं देऊ. किडनी वाचेल की नाही, आज सांगता येत नाही."

अगं माय! आपल्याच पोटची किडनी, आपल्याच हातानं! पारुबाई दाराबाहेर जाऊन बसली ती बसलीच. पोराच्या खाटेजवळ जायचीसुद्धा तिला भीती वाटायची.

सलाईनमधून द्यायची इंजेक्शनं संपली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लघवी सुटलीय. पण धोका टळलेला नाही."

संगिता औषधं आणायला खाली गेली. आतून योगेशनं आईला हाक मारली, "याडी, पाणी दे."

पारुबाई धावली. तांब्यातून पेला भरला, पोराच्या ओठांपर्यंत नेला आणि तिचा हात तिथंच थांबला. ती वळून नर्सबाईला म्हणाली,

"बाई, साधं पाणीच हाय. देऊ का?"