आजीच्या मागची आजी

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. नीलमच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या पुढे, काचेसारखा; डॉक्टर मला कॉर्निया म्हणतात. वय तिच्याइतकेच, सतरा. मी चांगला असतो तेव्हा कोणालाच दिसत नाही.

गोवंडीच्या धुरात नीलमचे डोळे खाजत. ती ते मुठीने जोरजोरात चोळी. मी पातळ होत गेलो आणि हळूहळू सुळक्यासारखा पुढे आलो. मग एका दिव्याचे तीन दिवे झाले.

"आजी, तुझ्यामागे अजून एक आजी उभी आहे."

"उभी कशाला? तिला म्हणावं, एक हंडा भर," शकुआजी म्हणाली.

पण दुसरी आजी हलली नाही. ती माझ्यातच होती. चेहरा तोच, कडा विरलेल्या.

डॉक्टरांनी एकाच दिवशी दोन उपचार केले. सुळका दबावा म्हणून माझ्या अंगात बोगदा करून प्लास्टिकची बारीक कमान बसवली. मग पिवळे थेंब घालून माझ्यावर जांभळट उजेड धरला. त्याने माझे सैल धागे घट्ट झाले. पण त्याच उजेडात माझ्या वरच्या थरातल्या पेशी मेल्या. माझे जन्मापासूनचे रहिवासी. आवाज झाला नाही. खोल्या रिकाम्या, आणि मी तसाच उभा.

नीलमला सगळे धुक्यात दिसू लागले.

"वाट लागली ना, आजी? डोळा गेला?"

"धुकं ओसरेल म्हणालेत डॉक्टर. चोळलास तर मात्र कमान सरकेल. हात खाली."

खाज जाईपर्यंत आजीने तिची बोटे स्वतःच्या मुठीत धरून ठेवली.

महिने गेले. खालून, कडेकडेने नव्या पेशी आल्या आणि मला न विचारता रिकाम्या जागांत राहू लागल्या. धुके विरले. मरण कुठवर पोहोचले होते ते दाखवणारी फिकट रेघ मात्र माझ्यात राहिली. डॉक्टरांच्या दिव्यात ती अजून दिसते.

"आजी, ती गेली."

"हंडा न भरताच?" आजी हसली.

नीलमने उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्यात माझा जुळा भाऊ आहे. मुठीचा मार त्यानेही खाल्लेला. त्या डोळ्याने तिने आजीकडे पाहिले.

"गेली नाही गं. इकडे आहे."

तिचा हात नकळत डाव्या डोळ्याकडे निघाला. आजीने तो वाटेतच पकडला. या वेळी ती हसली नाही.

मित्रांनो, डोळा खाजला तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, डॉक्टरांना दाखवा, पण चोळू नका. मुठीच्या आधी तिची सावली येते. पापण्या मिटतात, आम्हाला मिटता येत नाही. आम्ही ती येताना बघत राहतो.