सातव्या खांबावरचा चेहरा

"हळू रे डॅरिल, त्याला उंचीची भीती वाटते!"

नऊ वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या शिवणीत अडकून बसला आहे. शिडीखाली थेल्माआजी उभी होती, एका हाताने डोक्यावरचा रुमाल धरून. शिडीवरचा डॅरिल, आमच्या विलोबेंड गावच्या माजी सैनिक संघाचा चिटणीस, खो खो हसला.

"कोणाला, लॉर्नला? अहो आजी, तुमचा भाऊ चर्चच्या मनोऱ्याच्या टोकावर चढून वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा रंगवून आला होता! माझे आजोबा मरेपर्यंत सांगायचे."

आजीने रुमालाची गाठ घट्ट केली.

मित्रांनो, मी एक जुना कापडी फलक आहे. जाड कापड, दुहेरी शिवण, वरखाली दांडीसाठी नेफा. माझ्यावर तिरकी टोपी घातलेला एक सैनिक छापला आहे आणि खाली अक्षरे आहेत : लॉर्न किल्ब्राइड, हॉलंड, १९४५; म्हणजे तो लढाईत पडला ती जागा आणि ते साल. युद्धावर गेले आणि परतले नाहीत, त्यांचेच फलक आमच्या गावात खांबांवर लागतात. दर ऑक्टोबरात मी सातव्या खांबावर चढतो. अकरा नोव्हेंबरचा, युद्धात पडलेल्यांचा स्मरणदिन झाला की उतरतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शाळेतली मुले थांबून नाव वाचत. म्हातारे टोपी काढत. "काय देखणा होता लॉर्न!" असे कोणी म्हटले की मी ताठ होई. पण मनाला स्वस्थता नव्हती. इथला वारा मैलोन् मैल गव्हाची शेते तुडवत येतो. वारा आला की मी फडफडतो, वारा पडला की तडफडतो. कारण आजीने मला एकदाही लॉर्न म्हणून हाक मारली नाही.

स्मरणदिनी दोन मिनिटांची शांतता संपली की सगळे जण त्या दिवसासाठी छातीवर लावलेले स्मरणाचे लाल फूल काढून दगडी स्मारकापाशी ठेवतात. लॉर्नचे नाव तिथेच कोरलेले आहे. आजी मात्र फूल घेऊन माझ्या खांबाशी येई, लोखंडी पट्टीत ते खोची आणि हळूच विचारी, "थंडी नाही ना वाजत, सोन्या?"

मग मी कोण? लॉर्नचे फूल लॉर्नच्या नावापाशी का नाही?

वर्षे गेली. उन्हाने माझा रंग उडाला, एक कोपरा उसवला. लोक मान वर न करता खालून जाऊ लागले. यंदा डॅरिलने मला उतरवले ते घडी न घालताच गाडीत फेकले. तेवढ्यात काठी टेकत आजी आली.

"आजी, आनंदाची बातमी! पलटणीच्या जुन्या कागदांत लॉर्नचा स्वच्छ फोटो सापडलाय. पुढच्या वर्षी नवाकोरा फलक. हा जाईल कचऱ्यात."

"हा जायचा नाही."

"अहो, चिंधी झालीय त्याची!"

"तुझी काय कमी झालीय? तुला टाकलंय का कोणी?"

डॅरिल हसत हसत खिशातला फोटो काढून माझ्या शेजारी धरू लागला. आणि त्याचे हसू विरले. फोटोतल्या हनुवटीला खळी होती. माझ्या हनुवटीला नव्हती.

"आजी... हा लॉर्न नाही."

"क्लिफर्ड आहे तो. लॉर्नच्या पाठचा. दोघं एकाच पलटणीत होते. लॉर्न त्याच्या मांडीवर गेला. हा परत आला, म्हणून याचं नाव कुठे नाही. पुढे सव्वीस वर्षं जगला. दार आपटलं तरी गोठ्यात गाईंच्या आड जाऊन बसायचा. गाव त्याला आळशी म्हणायचं. तुम्ही लॉर्नचा फोटो मागितलात आणि मी याचा दिला. म्हटलं, वर्षातून महिनाभर तरी गाव याच्यासमोर टोपी काढेल."

डॅरिलने मला गाडीतून उचलले, झटकले आणि पहिल्यांदाच नीट चौपदरी घडी घातली.

मित्रांनो, रंग उडालेल्या कापडाला जपा, एवढेच माझे मागणे नाही. जे परत येतात, ते अख्खे परत येत नाहीत. असा कोणी तुमच्या घरात, गल्लीत असेल, तर तो आहे तोवरच त्याची विचारपूस करा. फलकाला ऊब लागत नाही.

डॅरिलने माझी घडी आजीच्या हातांवर ठेवली. "पुढच्या वर्षी दोन फलक लावू, आजी. एकाच खांबावर."

आजीने मान डोलावली, पण ती गेली नाही. माझ्या फिकट गालावर बोट ठेवून ती उभी राहिली. वारा पडला होता.

"गाव तर नुसतं आळशीच म्हणायचं, डॅरिल," ती म्हणाली. "त्याला तोंडावर भित्रा म्हणाली ती मीच."