दलदलीवरचा पहारेकरी

स्टीलच्या वाटीत ठेवलेला मोबाईल खडखडला आणि सकाळपासून घरात दबा धरून बसलेली शांतता फुटली.

वाटीची युक्ती भीमराजची. घरात रेंज यायची ती फक्त कोनाड्यात, आणि तिथली घंटी अंगणात ऐकू यावी म्हणून त्यानं फोनखाली वाटी आणली होती. नलू चुलीपुढे भाकरी थापत होती. थापत कसली, परातीवर राग काढत होती. पहिल्या दोन भाकरी काठाला फाटल्या होत्या.

“कोन हाय व?” खाटेवरून भीमराजनं विचारलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर दवाखान्याची हिरवी पट्टी होती.

शनिवारची सकाळची शाळा करून आलेली मैत्रेयी तोवर कोनाड्याशी पोचली होती. तिसरीतली पोर, अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय राहायची नाही. “बाबा, तुमचा खेळ हाय! ‘वीर, आपका घोड़ा भूखा है।’”

भीमराज हसला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

“मानसाची चौकशी कोनी केली नाही,” नलू तव्याकडे पाहत म्हणाली, “घोड्याची मात्र बरी आठवण राहते.”

“कपिलनं केली असन. पाह्य ना.”

कपिल म्हणजे वणीकडचा ट्रक ड्रायव्हर. भीमराजनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण दोघांनी मिळून त्या खेळात एक किल्ला जिंकला होता. फोनवरच्या त्या राज्यात एकाच वेळी हजारो माणसं हिंडायची, कोणी कुठल्या गावचं, कोणी कुठल्या. राळेगावजवळच्या एका वावरात, जेवणाच्या सुट्टीत, बाभळीखाली बसलेला भीमराज तिथं घोडेस्वार असायचा.

आणि सुट्टी संपली की पाठीवर पंप.

पुंडलिकरावांचं ते वावर. यंदा कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि वर मारलेलं औषध वाऱ्यानं तोंडावर यायचं. फवारणीच्या आठव्या दिवशी भीमराज कुंपणाला धरत धरत घरी आला, दारात ओकला आणि म्हणाला, “नलू, दिवा लाव ना.” तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

त्यानंतरचे दिवस दवाखान्यात गेले. दसऱ्याला दर वर्षी नागपूरला जायचे, तेही राहिलं. वॉर्डात त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर फवारणीवालेच होते. नजर येईल, थोडी येईल, पंधरा दिवसांनी पाहू, असं डॉक्टरीण म्हणाली होती. तिनंच विचारलं होतं, “तोंडाला काय बांधायचे हे?”

“ओढणी,” नलूनं जरा अभिमानानंच सांगितलं होतं. “सुती. मी रोज वल्ली करून बांधून द्यायची.”

डॉक्टरणीचा पेन थांबला. “ओल्या कपड्यात औषध मुरतं, बाई. त्या ओढणीनं ते दिवसभर तोंडालाच धरून ठेवलं.” ती रागावून बोलली नव्हती. रागावली असती तर नलूला तिच्याशी भांडता तरी आलं असतं. हे नलूनं भीमराजला अजून सांगितलं नव्हतं.

आज सकाळची एक गोष्टही सांगितली नव्हती. तो झोपेत असताना, मैत्रेयी शाळेला निघत होती तेव्हा, पुंडलिकराव येऊन गेले होते. त्यांनी एक प्लास्टिकचं पाकीट खुंटीवर अडकवलं. आत पांढरा मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, सगळं कोरं करकरीत. आणि एक टाईप केलेला कागद दिला. मालकानं मला सगळं संरक्षक साहित्य दिलं होतं, मी ते माझ्या निष्काळजीपणानं वापरलं नाही, असा मजकूर. खाली भीमराजचं नाव आणि रेघ.

“सोमवारी सरकारी तपासनीवाले येऊन राह्यले,” ते म्हणाले होते. “पाकीट खुंटीवर दिसू दे. त्याचा हात धरून सही करून ठेव, मी दुपारून येतो. वेचनीचं काम तुयासाठीच राखून ठेवलं हाय.”

तेव्हापासून तो कागद पिठाच्या डब्याखाली होता आणि नलूच्या डोक्यात चूल पेटली होती.

“नलू,” भीमराज म्हणाला, “तू खेळ ना जरा. खेळ अन् मले सांग. डोळे मिटून मिटून डोक्यात निरा अंधार भरला.”

“माही भाकर जळते.”

“जळू दे.”

त्याचा आवाज असा होता की तिनं तवा उतरवला. हात पदराला पुसले आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. मैत्रेयी मांडीला चिकटली.

“माया घोडेस्वाराले हात नको लावू,” भीमराज म्हणाला. “चाळीसाव्या पायरीवर हाय थो, तुयाच्यानं मरन. नवा मानूस काढ. आधी नाव टाक.”

नलूनं ‘नलू’ टाकलं. लाल अक्षरं आली. हे नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं.

“कोन हाय व ही दुसरी नलू?” ती तडकली. “इथंही माही जागा गेली?”

“पुढं गाव जोड.”

‘नलू राळेगाव’ चाललं. मग जात विचारल्यासारखं फोननं कुळ विचारलं. मानव, वनवासी, बुटके, दैत्य. “दैत्य घे आई, तू रागावली का तशीच दिसतं,” मैत्रेयी म्हणाली आणि खाटेवरून पुन्हा हसू आलं. नलूनं मानव घेतला. मग धंदा. तलवारवाली, तिरंदाज, वैद्य.

“वैद्य नको घेऊ,” भीमराजनं बजावलं. “सगळे जखमी होऊन तुयाच्याकडंच येते. तुले लढायले भेटत नाही.”

“मग घरी काय येगळं करून राह्यली मी?” ती म्हणाली आणि तिनं तिरंदाज घेतला. धनुष्य पाठीला लागलं तेव्हा तिला आतून जरा बरं वाटलं. कोणावर तरी बाण सोडायची सोय झाली.

डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं मारायचं. पहिल्यांदा ती विहिरीच्या कठड्याला धडकत राहिली, मग कोणाच्या तरी कोंबड्यांमध्ये शिरली. मैत्रेयी खिदळत बापाला सांगत होती, “बाबा, आई भिंतीतच चालून राह्यली!” शेवटी पिंपळाखाली बसलेला गावचा म्हातारा सापडला. त्यानं काम सांगितलं. दलदलीतून निळ्या कंदाची पाच मुळं आणून दे.

दलदलीच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं. पलीकडे हिरवी वाफ. फाटकात भाला घेतलेला पहारेकरी.

“‘हवा ज़हरीली है,’” मैत्रेयीनं वाचलं. “‘बिना नक़ाब, बिना दस्ताने प्रवेश नहीं।’”

“दस्ताने म्हन्जे हातमोजे,” भीमराज म्हणाला.

नलू पुढे गेली. भाला आडवा आला. बाजूनं गेली. भाला आडवा. मागे सरून धावत गेली, तरी तेच. तेच वाक्य पुन्हा.

“अबे जाऊ दे ना! मुळंच तर आनाची हाय!” तिनं फोन हलवला, जणू तो हलवल्यानं पहारेकरी पडेल. “माह्या जिवाचं मी पाहीन ना, तुले काय करा लागते?”

“थो सोडत नाही,” भीमराज म्हणाला. “मी बी पह्यल्या दिवशी अर्धा तास डोकं फोडलं तिथं. शिव्या देल्ल्या. थो आपला हटतच नाही.”

बोलता बोलता तोच थांबला. नलूचाही अंगठा थांबला.

“आई,” मैत्रेयी उठली, “नकाब तर आपल्या खुंटीवर हाय! सकाळी पुंडलिकराव आबाजी लटकवून गेला ना!”

“कोनता?” भीमराजनं मान वळवली. “दे माया हातात.”

मैत्रेयीनं पाकीट आणून दिलं. त्यानं ते चाचपलं. प्लास्टिक कुरकुरलं. बोटं चष्म्याच्या काचेवरून फिरली, हातमोज्याच्या पाच बोटांवरून एकेक करून फिरली. मग नलूनं सगळं सांगितलं. कागदाचंही.

त्यानं पाकीट छातीवर ठेवलं. “कर सही,” तो म्हणाला. “नाही तर वेचनीचं काम जाईन. माये डोळे काही सहीनं जाऊन नाही राह्यले.”

“सही माह्या हातानं होईन ना? मंग माह्या हाताले विचारा.”

“नलू...”

“आठ दिवस तुमी गेले. आठ दिवस थो मानूस धुऱ्यावर, बांधाशी, छत्री घेऊन उभा होता. दिसत होतं त्याले.”

फोनवर तेवढ्यात कोणीतरी आलं. घोड्यावर बसलेला, लाल अंगरख्यातला एक उंच माणूस, डोक्यावर मोठा आकडा, म्हणजे पुष्कळ पुढे गेलेला. तो नलूच्या तिरंदाजापाशी थांबला, काहीतरी खाली टाकलं आणि घोडा दौडवत निघून गेला. जमिनीवर एक मुखवटा होता आणि हातमोजे. वरती अक्षरं उमटली.

“‘ले लो दीदी, पहले दिन मुझे भी किसी ने दिया था।’” मैत्रेयीनं वाचलं. “आई, कोन हाय थो?”

“मले काय माहीत.”

“वळखीचा नाही?”

“नाही.”

नलूनं मुखवटा चढवला. पहारेकऱ्यानं भाला बाजूला केला आणि वाकून वाट दिली. ती हिरव्या वाफेत शिरली, पाच मुळं उपटली आणि बाहेर आली. अंगावर ओरखडा नाही. तिला वाटलं आनंद होईल. उलट कानशिलं तापली. त्या खोट्या राज्यात, जिथं मेलेला माणूस विहिरीपाशी पुन्हा उभा राहतो, तिथं एका खोट्या बाईच्या छातीची एवढी काळजी! आणि इथं?

अंगणात मोटरसायकल थांबली.

पुंडलिकराव आत आले, टोपी काढून वारा घेत. थकलेले दिसत होते. त्यांच्याही कपाशीच्या बोंडांत अळी शिरली होती, हे गावाला माहीत होतं. “कसा हायेस भीमराज? झाली का सही?”

“बसा मालक,” भीमराज म्हणाला.

नलू उठली. तिनं डब्याखालचा कागद काढला, खाटेवरचं पाकीट घेतलं आणि दोन्ही पुंडलिकरावांच्या पायांपाशी ठेवलं. टाकलं नाही, नीट ठेवलं. टाकलं असतं तर तिला स्वतःलाच थांबवता आलं नसतं.

“पुंडलिकराव,” ती म्हणाली. आजवर मालकच म्हणत आली होती. “हे पाकीट आज आलं. याले महिनाभर आधी येयाचं होतं.”

“अवं, आमच्या गावात कोनी देल्लं कोनाले? औषधाच्या दुकानवाल्यानं तरी सांगतलं का? मले काय माहीत यंदाचं औषध असं हाय?”

“आता तर माहीत झालं? मंग कागदावर थे लिवा. माहीत नव्हतं, देल्लं नव्हतं, असं. त्याच्यावर मी आता सही करतो.”

“तू मले जेलात धाडतं का?”

“मी कोनाले कुठी धाडत नाही. सोमवारी थे विचारतीन, अन् जे झालं थे मी सांगीन. खुंटी रिकामी दाखवीन.”

“वेचनीले मंग दुसऱ्या बाया पाहा लागतीन मले.”

“पाहा.”

पुंडलिकरावांनी पाकीट उचललं, धूळ झटकली. दारात थांबले. आवाज खाली आला होता. “त्यानं मांगतलंही नाही कधी, नलू. रोज तोंडाले बांधून येये. मले वाटलं, घरून बंदोबस्त हाय.”

मोटरसायकल गेली. ते वाक्य मात्र दारातच राहिलं.

खाटेवरून भीमराजचा हात हवेत चाचपत आला. नलूनं तो धरला. “चांगलं केलं,” तो म्हणाला. “भेव वाटते, पन चांगलं केलं.” तिला त्याला ओढणीचं सांगायचं होतं, आत्ता, या क्षणी. त्याऐवजी तिनं त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सारखी केली. दोरीवर तीच ओढणी वाळत होती, धुऊन धुऊन रंग गेलेली.

मैत्रेयी फोन घेऊन जमिनीवर बसली होती. तिनं आईच्या तिरंदाजाला पुन्हा फाटकाशी नेलं होतं, मुखवटा काढून ठेवला होता आणि तो भाला आडवा येतो का ते पाहत होती. येत होता. तिनं तीनदा करून पाहिलं. मग मान वर केली.

“आई, बाबा फवारनीले जाये तवा दारात तूच राहे ना?”

“हाव.”

“मंग तुनं काहून नाही अडवलं?”