सुनेच्या केसपेपरवर

भुईमुगाची खुरपणी चालली होती आणि बांधापलीकडं आमच्या शेजारणीचं सुनेशी जुंपलं होतं. शेजारणीला सगळं गाव तोफ म्हणतं. ती बोलायला लागली की चार वावरं पलीकडचे बैल कान टवकारतात. पण भांडणाचं कारण कानावर आलं आणि माझं खुरपं थांबलं.

"उद्या दवाखान्यात जायचं म्हणजे जायचं!"

"अहो आत्या, आठ दिवसांपूर्वीच तर जाऊन आलो," सून कळवळून म्हणाली. सातवा महिना होता तिला. "डॉक्टरबाईंनी महिन्यानं बोलावलंय. मी ठणठणीत आहे."

"तुला काय कळतंय? पहिलटकरीण तू!"

सुनेला दवाखान्यात जायचंय आणि सासू सोडत नाही, असली भांडणं पुष्कळ पाहिली. हे उलटंच. म्हटलं, तोफेला नातवंडाचा भलताच सोस दिसतोय.

दुसऱ्या दिवशी तिनं मलाही ओढून नेलं. शहरात बायकांचा आणि तान्ह्या बाळांचा वेगळा दवाखाना आहे. डॉक्टरबाईंच्या खोलीत टेबल, वजनकाटा, हिरवा पडदा आणि तीन स्टुलं. सून बसली, मी बसले. तोफ उभीच.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं.

सुनेनं तोंड उघडायच्या आत तोफ सुटली. "हिची कंबर फार दुखते, बाई. भारा उचलला की खाली काहीतरी उतरल्यासारखं होतं. शिंक आली की साडी ओली. बसलं की टोचतं, म्हणून बिचारी दिवसभर उभीच असते."

डॉक्टरबाईंनी स्टुलावर आरामात बसलेल्या सुनेकडं पाहिलं. मग उभ्या तोफेकडं पाहिलं.

"किती दिवस झाले हे?"

"नऊ वर्षं," तोफ बोलून गेली.

"आणि लग्नाला किती झाली?" डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं.

"दीड."

मला हसू आवरेना. पण तोफेचं तोंड पाहिलं आणि ते विरलं. मान खाली, पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. नऊ वर्षं ही बाई माझ्या जोडीनं वैरणीचे भारे वाहत होती आणि मला पत्ता नव्हता.

सून उठली. वाटलं, ही आता दीड वर्षाचं उट्टं काढणार. सासूचा जाच काही कमी नव्हता.

"बाई, मलाच होतंय ते सगळं," ती म्हणाली. "पण मला तपासायची भीती वाटते. आधी आमच्या आत्यांना तपासून दाखवा ना. म्हणजे मला धीर येईल."

डॉक्टरबाईंचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. "खरंय. सुनेसाठी एवढं करायलाच पाहिजे. चला, आत या."

"मला काही झालेलं नाही हं!" पडद्याआडून तोफ कडाडली. "पोरीची भीती जावी म्हणून!"

बाहेर बाकावरच्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

अंग बाहेर आलं होतं तिचं, म्हणजे गर्भपिशवी खाली उतरली होती. डॉक्टरबाईंनी आधाराला तात्पुरती रिंग आत बसवून दिली. पक्का इलाज म्हणजे ऑपरेशन, असंही सांगितलं.

"आणि म्हशी कोण पिळणार?" असं म्हणून तोफेनं तो विषय तिथंच मोडला.

पुढं सून त्याच दवाखान्यात महिनाभर आधीच बाळंत झाली. मुलगी झाली. पावणेदोन किलोची, माझ्या तळहातावर मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला चिमटा, वर दिवे. काचेपलीकडून तोफ म्हणाली, "कशी आहेस गं, बये?" आणि आतली चार बाळं एकदम रडायला लागली. सिस्टर धावत आली. "आजी, आवाज! नाहीतर खाली बसवीन." त्या दिवसापासून ती तोफ कुजबुजायला शिकली. दर तीन तासांनी सुनेला हाताला धरून दूध पाजायला न्यायची आणि भिंतीला टेकून, श्वाससुद्धा हळू घेत उभी राहायची.

पाचव्या दिवशी सून म्हणाली, "आत्या, अजून दोन आठवडे इथंच काढायचेत. म्हशी तुमचा लेक पिळतोय. ऑपरेशन करून घ्या."

"तू बाळंतीण. मला कोण बघणार?"

"मावशी आहेत की," माझ्याकडं बोट. "आणि मी झोपल्या झोपल्या हुकूम सोडीन. तुमच्याकडूनच शिकलेय."

तोफ हसली, आणि हसता हसता रडली. पण ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवला.

तिघी धडधाकट घरी आल्या. पोरगी सव्वादोन किलोची झाली होती. चार दिवसांनी बायका पाणी भरत असताना तोफेनं नळावर येऊन सगळं सांगून टाकलं. काय बाहेर आलं होतं, कुठं टाके पडले, सगळं. तेही पूर्वीच्या आवाजात. बायकांनी तोंडाला पदर लावले. पण घागरी भरून वाहायला लागल्या तरी एकजण हलली नाही. मी तर नाहीच.

मंगळवारी सकाळी टेम्पोवाला फाट्यावर थांबला. तोफ, सून आणि मी, अशा आम्ही तिघीजणी उभ्या होतो.

"दवाखान्यात का? पेशंट कोण?"

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी दांडा धरला आणि वर चढले.

"मी," म्हटलं. "आणि जरा सावकाश चालव. खड्डे सोसत नाहीत मला."