तापातले दूध

दारव्ह्यात सर्दी-तापाची साथ होती, त्यात हुस्नाबीची सून आजारी पडली. आईचा ताप दुधातून बाळाला लागतो, या समजुतीने हुस्नाबीने महिन्याच्या नातवाला बकरीच्या दुधावर ठेवले. त्याला जुलाब लागले, तो मलूल झाला. तेव्हा तिने दवाखान्यातल्या कांताबाई नर्सला बोलावले.

"सुनेचं दूध काय करता, खाला?"

"पिळून निंबाच्या बुडाशी ओतते."

"म्हणजे पोराचं औषध निंबाले पाजून राह्यल्या. तापाशी लढाची ताकद आईच्या अंगात तयार होते, अन् दुधातून लेकराले भेटते. बकरीले कुठं ताप आला?"

हुस्नाबी वरमली. सुनेला तोंडावर पदर घ्यायला सांगून तिने पोराला तिच्या कुशीत दिले. पहिला घोट ऐकू आला, तेव्हा कुठे हुस्नाबीचा जीव भांड्यात पडला.